अपस्मारासह जगणे : विवाहविषयक कायद्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

रोगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा औषधाचा किंवा साथीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्लेग, देवी, पटकी यांच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे, कारण या रोगांनी सरकारला हालचाल करावयास लावले आणि सरकारी हालचालीतून कागदपत्रे निर्माण झाली. अपस्मार हा साथीचा रोग नव्हे. तो एकेकट्या माणसाला होतो, काही मिनिटे दिसतो आणि उरलेला सर्व काळ अदृश्य असतो. ग्रामीण भागात त्याला फेफरे म्हणतात, कोठे मिरगी, कोठे आकडी. शहरात ‘फीट येणे’ हा शब्द रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आज जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात.

हे लोक चांगले जगू शकतात, हे वैद्यकाला अलीकडे समजलेले नाही. तरीही भारतात त्यांच्या संसाराला कायद्याची निर्वेध मान्यता मिळण्यास १९९९ साल उजाडावे लागले. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, अपस्मारासह चांगले जगण्याचा भारतातील इतिहास हा मुख्यत्वे औषधांचा इतिहास नसून उघडपणे जगण्याच्या परवानगीचा इतिहास आहे. त्या दृष्टीने हिंदू विवाह कायद्यातील एका छोट्या उपखंडाचा, म्हणजे कलम ५(ii)(ग) मधील दोन शब्दांचा, येथे विचार केला आहे.

दोन ग्रंथ, दोन दृष्टी

अपस्मार या शब्दाचा अर्थ स्मृतीचा लोप असा होतो. चरकसंहितेच्या निदानस्थानातील आठवा आणि चिकित्सास्थानातील दहावा अध्याय या विकाराला वाहिलेला आहे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. आपल्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, चरकाने या विकाराचे स्वरूप तात्पुरते मानले आहे. रोगी काही काळ अंधारात प्रवेश करतो आणि बाहेर येतो, म्हणजेच दोन झटक्यांच्या दरम्यानचा माणूस हा इतरांसारखाच माणूस असतो. दुसरी अशी की, उन्मादाचा अध्याय वेगळा आणि अपस्माराचा वेगळा. हे दोन अध्याय एकमेकांना लागून आहेत, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत. विसाव्या शतकातील विधिमंडळाच्या मसुदाकारांना जो भेद राखता आला नाही, तो या ग्रंथात स्पष्टपणे राखलेला आहे. ग्रीक परंपरेतही हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथाने या रोगाला दैवी मानण्यास नकार देऊन त्याचे मूळ मेंदूत शोधले होते.

परंतु परंपरेचा दाखला देताना सोयीचा तेवढाच भाग उचलणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी टाळावयाच्या दहा कुळांची यादी आली आहे. गाईगुरे आणि धनधान्य यांनी ती कितीही संपन्न असली तरी त्यांच्याशी सोयरीक करू नये, असे तेथे म्हटले आहे, आणि या यादीत क्षय, श्वित्र, कुष्ठ यांच्याबरोबर अपस्मार असलेले कूळही आहे. येथे केवळ रोगी व्यक्ती वर्ज्य ठरत नसून संपूर्ण घराणे वर्ज्य ठरते. वैद्याच्या ग्रंथाला झटका दिसतो, धर्मशास्त्राच्या ग्रंथाला कूळ दिसते. आजही एखाद्या मुलीला फीट येते असे कळले की तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळ मोडते. या व्यवहारामागे कोणती दृष्टी आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून १९७६ च्या कायद्यातील तरतूद केवळ परकीय उसनवारी होती असे म्हणता येणार नाही. शब्द परकीय होते; परंतु ते रुजण्यास लागणारी जमीन येथे तयार होती.

साधनांचा प्रश्न

अपस्मारासह चांगले जगलेल्या माणसांचा शोध घेताना साधनांची मोठी अडचण येते. ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल उपलब्ध आहेत आणि त्यांतील वेडाच्या कारणांच्या तक्त्यांत अपस्माराची नोंद सापडते. पण ज्यांना इस्पितळात दाखल करण्याची वेळ आली त्यांचीच ही नोंद आहे. जो शेतकरी वर्षातून दोनदा बांधावर पडला आणि उठून पुन्हा औताला लागला, जी गृहिणी चुलीपासून थोडी दूर बसून चाळीस वर्षे स्वयंपाक करीत राहिली, ते कोणत्याच तक्त्यात आलेले नाहीत. परिणामी, अपस्मार म्हणजे वेड किंवा वेडाचे कारण, हे समीकरण दप्तरातून इतिहासात आणि इतिहासातून कायद्यात सहज उतरले.

समाजात हे लोक प्रत्यक्षात किती असतात, याची विश्वसनीय मोजणी पुढे झाली. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये १४,०१० व्यक्तींची पाहणी करून डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार अपस्माराचे प्रमाण हजारी ४.७ इतके आढळले. हाच हिशेब ढोबळमानाने लावला तर दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात असे नऊ-दहा विद्यार्थी असावयास हवेत. आपल्यापैकी किती प्राध्यापकांना आपल्या महाविद्यालयातील अशी नऊ नावे सांगता येतील? ती सांगता येत नाहीत, कारण ते विद्यार्थी स्वतःहून सांगत नाहीत. त्यांच्या न सांगण्याचाही एक इतिहास आहे.

औषध आधी, कायदा नंतर

औषधांचा क्रम थोडक्यात पाहू. १८५७ मध्ये चार्ल्स लोकॉक या इंग्रज वैद्याने ब्रोमाइडच्या उपयोगाची माहिती दिली. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने फेनोबार्बिटल या औषधाचा गुण दाखविला. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकन संशोधकांनी फेनिटॉइनचे परिणाम प्रसिद्ध केले. यांतील शेवटची दोन औषधे स्वस्त असून आजही वापरात आहेत. कर्नाटकातील येळंदूर येथे डॉ. के. एस. मणी व सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतील रुग्णांना हीच दोन औषधे देऊन जे काम केले, त्याचा वृत्तान्त २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साध्या औषधांनी आणि नियमित पाठपुराव्याने खेड्यातही झटके आटोक्यात राहतात, हे त्यातून दिसून आले.

म्हणजेच स्वतंत्र भारताची संसद विवाहविषयक कायदे करीत होती तेव्हा हा विकार बहुतांशी आटोक्यात ठेवता येतो हे ज्ञात होते. आणि गंमत अशी की, संसदेने सुरुवातीला त्याला हातही लावला नव्हता. विशेष विवाह कायदा, १९५४ आणि हिंदू विवाह कायदा, १९५५ या दोहोंच्या मूळ मसुद्यात विवाहसमयी कोणताही पक्ष जडमूढ किंवा वेडा नसावा, एवढीच अट होती. अपस्माराचा उल्लेख नव्हता. मनुस्मृतीतील वर्ज्य कुळांची यादी हिंदू कायद्याच्या या पहिल्या मोठ्या सुधारणेने बाजूला ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मे १९७६ मध्ये विवाहविषयक कायदे (सुधारणा) अधिनियम अमलात आला. आणीबाणीचा काळ होता. या सुधारणेने घटस्फोट सुलभ केला, परस्पर संमतीचे कलम हिंदू विवाह कायद्यात आणले आणि म्हणून पुरोगामी पाऊल म्हणून तिची नोंद होते. ती योग्यच आहे. परंतु याच सुधारणेने कलम ५(ii) नव्याने लिहिताना तीन उपखंड घातले, आणि तिसऱ्या उपखंडात वेडाच्या किंवा अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांना बळी पडलेली व्यक्ती विवाहास अपात्र ठरली. विशेष विवाह कायद्यातही तसाच बदल झाला.

हे शब्द कोठून आले? इंग्लंडच्या १९३७ च्या विवाहविषयक कायद्यात वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे विवाह रद्द करण्याचे कारण म्हणून घातले गेले होते. तो काळ वंशशुद्धीच्या विचारांचा होता. १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्यातील रोगांच्या यादीत आनुवंशिक अपस्मार होता. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने तर १८९५ मध्येच अशा व्यक्तींच्या विवाहावर बंदी घातली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या विचारांची पत गेली. इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने विवाह रद्द करण्याची कारणे नव्याने मांडली, मानसिक विकारासंबंधीची भाषा बदलली आणि अपस्मार वगळला. भारतीय सुधारणेतील दुसरा उपखंड वाचला की त्याच्या भाषेचे इंग्लंडच्या १९७१ च्या कायद्याशी असलेले साम्य लक्षात येते. तिसऱ्या उपखंडाची भाषा मात्र १९३७ च्या कायद्याशी जुळते. इंग्लंडने पाच वर्षांपूर्वी टाकून दिलेली अट आपण नव्या भाषेच्या शेजारी जशीच्या तशी आणून बसविली, असा याचा अर्थ होतो.

इतकेच नव्हे, तर काही बाबतींत आपली तरतूद मूळ तरतुदीपेक्षा कठोर होती. १९३७ च्या इंग्रजी कायद्यात अर्जदाराला विवाहाच्या वेळी या गोष्टीची माहिती नसावी, त्याने एका वर्षात अर्ज करावा, आणि माहिती कळल्यानंतर वैवाहिक संबंध ठेवलेले नसावेत, अशा अटी होत्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२(२) मध्ये मुदतीचे आणि सहवासाचे बंधन आहे. परंतु ते फसवणूक, बळजबरी आणि विवाहपूर्व गर्भधारणा या कारणांपुरते आहे. कलम ५(ii) च्या भंगाला ते लागू नव्हते. अवाजवी विलंब झाला असल्यास न्यायालय तो विचारात घेऊ शकत होते, एवढाच काय तो आधार. शिवाय औषधाने झटके आटोक्यात आहेत की नाहीत, असा भेद तरतुदीच्या शब्दांत कोठेही नव्हता.

लपविण्याची किंमत

विवाह ‘शून्यनीय’ ठरणे म्हणजे तो आपोआप रद्द होणे नव्हे. एका पक्षाने न्यायालयात जाऊन मागितले तरच तो रद्द होतो. म्हणून असे म्हणता येईल की, या तरतुदीने फार थोडे संसार प्रत्यक्ष मोडले असतील. पण कायद्याचा परिणाम केवळ निकालांच्या संख्येने मोजता येत नाही. या तरतुदीमुळे डॉक्टरचा कागद हा विवाह रद्द होण्याचा पुरावा बनला. मग कागद लपविणे आले. ‘तिला अधूनमधून चक्कर येते’ हे वाक्य आपल्या समाजात किती घरांनी उच्चारले असेल!

लपविण्याचा परिणाम थेट प्रकृतीवर होतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. अपस्माराच्या गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. त्या अचानक बंद केल्या तर झटका येण्याचा धोका वाढतो. झोप अपुरी झाली तरीही वाढतो. नवी सून सासरी येते. गोळ्यांची पट्टी कोठे ठेवावी हा तिचा पहिला प्रश्न असतो. लग्नाची धावपळ, जागरणे, उपवास आणि चुकलेल्या गोळ्या यांतून पहिल्या काही आठवड्यांतच झटका येतो आणि जे लपविले ते सर्वांसमक्ष उघड होते. जी मुलगी उघडपणे औषध घेत राहिली असती तर कदाचित वर्षानुवर्षे झटक्याविना राहिली असती, तिला लपवणुकीनेच पाडले. सासरचे म्हणतात, फसविले. कायदा म्हणतो, अर्ज करा. पुरुषांनाही हा विकार होतो आणि तरतूद दोघांना सारखीच लागू होती. तथापि नवऱ्याला घर सोडावे लागत नाही, आणि त्याची गोळी कोणी मोजत नाही.

मैदानावरील दोन माणसे

याच १९७६ च्या डिसेंबरात इंग्लंडचा क्रिकेट संघ भारतात पाच कसोटी सामने खेळावयास आला. कर्णधार होता टोनी ग्रेग. उंचापुरा, प्रेक्षकांशी थट्टामस्करी करणारा हा खेळाडू मुंबईकरांच्या परिचयाचा होता, कारण फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वनाथने शतक झळकविल्यावर ग्रेगने त्याला लहान मुलासारखे उचलून जोजविले होते. १९७६-७७ ची मालिका इंग्लंडने ३-१ अशी जिंकली. कोलकात्यात ग्रेगने अंगात ताप असताना शतक काढले. ग्रेगला वयाच्या चौदाव्या वर्षापासून अपस्मार होता. दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या काळात एका सामन्यात त्याला मैदानावरच झटका आला होता. औषध आणि स्वतःच्या प्रकृतीचे भान यांच्या बळावर तो खेळत राहिला. त्याला टाळ्या देणाऱ्या आपल्या प्रेक्षकांना मात्र यांतील काहीच ठाऊक नव्हते. भारताच्या संसदेने ज्या वर्षी अपस्मारग्रस्ताला विवाहास अपात्र ठरविले, त्याच वर्षी एक अपस्मारग्रस्त माणूस भारतीय संघाविरुद्ध नेतृत्व करीत होता. हा योगायोग असला तरी बोलका आहे.

दुसरे उदाहरण १४ नोव्हेंबर १९९३ चे, त्याच ब्रेबॉर्नवरचे. हिरो चषक स्पर्धेत वेस्ट इंडीजविरुद्धच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने पाच झेल घेऊन एकदिवसीय सामन्यात यष्टिरक्षकाव्यतिरिक्त क्षेत्ररक्षकाचा विक्रम केला. ऱ्होड्सलाही सौम्य स्वरूपाचा अपस्मार आहे. त्याने तो लपविला नाही, उलट आपल्या देशातील अपस्मारविषयक संस्थेच्या कार्यात जाहीरपणे भाग घेतला. या दोन खेळाडूंच्या कर्तृत्वात फरक करण्याचे कारण नाही; त्यांच्या काळात मात्र फरक आहे. एकाला चांगले जगण्यासाठी गप्प राहावे लागले, दुसऱ्याला बोलता आले.

अर्थात नामवंतांची उदाहरणे जपून वापरावी लागतात. सीझर, नेपोलियन अशी नावे अपस्माराच्या प्रत्येक पुस्तिकेत दिलेली असतात. त्यांचे निदान शतकानुशतकांच्या अंतरावरून झालेले असून त्यावर विद्वानांत एकमत नाही. शिवाय थोरांची यादी पाहून सामान्य मुलाच्या मनात असाही विचार येतो की, मी थोर झालो तरच मला हा रोग माफ आहे.

१९९९ आणि त्यानंतर

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशनची स्थापना झाली होती. डॉक्टरांबरोबर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांनाही स्थान देणारी ही संघटना होती. विवाह कायद्यातील तरतूद काढून टाकावी यासाठी संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपस्माराला अंधारातून बाहेर आणण्याची जागतिक मोहीम सुरू केली, तिचेही वातावरण होते. अखेर १९९९ च्या सुधारणा अधिनियमाने दोन्ही विवाह कायद्यांतील ‘किंवा अपस्मार’ एवढेच शब्द वगळले. २९ डिसेंबर १९९९ पासून हा बदल अमलात आला. तेवीस वर्षांनी आपण १९५५ च्या जागी परत आलो. संसदीय इतिहासाच्या पुस्तकांत या सुधारणेला एक ओळही मिळालेली सहसा दिसत नाही.

शब्द वगळल्याने प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. कलम १२(१)(ग) मध्ये प्रतिवादीविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळविणे हे विवाह रद्द करण्याचे कारण आहे, आणि हा शब्दप्रयोगही १९७६ चाच. अपस्मार ही अशी वस्तुस्थिती आहे काय, हा वाद त्या मार्गाने न्यायालयात येतच राहतो. असाध्य मनोविकार या घटस्फोटाच्या कारणाखालीही तो येतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य रोग नव्हे आणि मनोविकारही नव्हे, असे स्पष्ट करून पतीची मागणी फेटाळली. चरकाने जे दोन अध्याय वेगळे ठेवले होते ते वेगळेच आहेत, हे सांगण्यासाठी २०२३ मध्येही न्यायालयाची गरज पडली. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत ज्या एकवीस प्रकारांचा समावेश आहे, त्यांत अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही. म्हणजे सवलतीसाठी तो पुरेसा रोग नाही आणि सोयरिकीसाठी मात्र पुरेसा आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील संवेदना फाउंडेशनचे काम इतिहासाच्या अभ्यासकालाही दखल घेण्याजोगे वाटते. स्वतः अनेक वर्षे अपस्मारासह जगलेल्या यशोदा वाकणकर यांनी उभा केलेला हा आधारगट रुग्ण आणि कुटुंबीय यांना एकत्र आणतो आणि अपस्मार असलेल्या वधूवरांची लग्ने जुळविण्याचेही काम करतो. तेथे ओळखीचे पहिलेच वाक्य आजाराविषयीचे असते. गोळ्या कोणत्या, शेवटचा झटका केव्हा आला, झोप किती लागते, हे पत्रिकेच्या आधी विचारले जाते. मध्यस्थाने ‘अधूनमधून चक्कर येते’ असे म्हणण्याची तेथे गरजच उरत नाही.

यापुढील अभ्यासासाठी साधने कोठे शोधावीत, याचा निर्देश करणे येथे अगत्याचे आहे. १९७६ ते १९९९ या काळात कलम ५(ii)(ग) खाली दाखल झालेले अर्ज जिल्हा न्यायालयांच्या आणि कौटुंबिक न्यायालयांच्या दप्तरात आहेत. उच्च न्यायालयापर्यंत गेलेली थोडी प्रकरणे विधिवृत्तांत छापली गेली. बाकीची धारिकांमध्ये राहिली. त्यांत डॉक्टरांच्या साक्षी, सासू-सासऱ्यांचे जबाब आणि मुख्य म्हणजे प्रतिवादी स्त्रियांचे लेखी कैफियतनामे असतील. मी घर चालविले, मुले वाढविली, मला वर्षातून एखाद्या वेळी झटका येतो, अशा आशयाचे बोल कोठे कागदावर उतरले असतील तर ते तेथेच. वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल जपून ठेवलेले आहेत. जुन्या दिवाणी धारिका मात्र ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे तरी महाविद्यालय आहे आणि त्याच्यापासून जिल्हा न्यायालय फार दूर नसते.